ग्रेड ५ नंतर काय? सांगलीतल्या एका वडिलांना पियानोबद्दल उत्तर

विश्रामबागेतल्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी बारा वर्षांची आहे. पाच वर्षं कीबोर्डच्या क्लासला जाते, लंडनच्या ट्रिनिटी या संगीत परीक्षा मंडळाची ग्रेड ५ डिस्टिंक्शनमध्ये पास झाली आहे. पोलंडमधल्या वॉर्सात होणाऱ्या शोपँ पियानो स्पर्धेचे व्हिडिओ बघून तिनं घरी जाहीर केलंय की मला तिथं वाजवायचंय. सांगलीत राहून हे जमेल का, रोज किती तास बसवायचं, शाळा सोडावी लागेल का, खर्च किती येईल?

मी मिरजेची. मुंबईत शिकले, पुढं तीन वर्षं जर्मनीत होते, दोन स्पर्धांच्या पहिल्या फेरीत वाजवलं आणि तिथंच थांबले. गेली अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे. त्यामुळं लिहिते आहे ते त्या रांगेत उभं राहून बघितलेलं आहे.

वय गेलेलं नाही, हे आधी सांगते. शोपँ स्पर्धेला १६ ते ३० वयाचे वादक चालतात. थोर पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर तर मॉस्कोला हाइनरिख नॉयहाउस यांच्याकडं शिकायला गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पण त्याच्या घरात संगीत होतं आणि जायच्या आधी तो ऑपेरागृहात वर्षानुवर्षं साथ करत होता, हेही लक्षात ठेवा. तुमच्या मुलीला वेळ आहे. फक्त ती आत्ता ज्या वाटेवर आहे ती वॉर्साला जात नाही. ग्रेड ६, ७, ८ देत गेलं की पुढं स्पर्धा येते, असा आपल्याकडं जवळपास सगळ्या पालकांचा समज असतो. तो समज मोडावा म्हणूनच इतकं लांब उत्तर लिहिते आहे.

ग्रेडच्या परीक्षेत तीन रचना असतात, सोबत स्केल्स आणि थोड्या चाचण्या. क्लासमध्ये त्या तीन रचना वर्षभर घोटल्या जातात. परीक्षा झाली की वही बंद, पुढच्या वर्षी नव्या तीन. आता दुसरं टोक बघा. २०२२ मध्ये टेक्सासातल्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेत कोरियाचा युनचान लिम अठराव्या वर्षी पहिला आला. त्या स्पर्धेत पहिल्या फेरीला ४० मिनिटं एकट्यानं वाजवायचं, दुसऱ्या फेरीला आणखी ४०, उपांत्य फेरीला ६० मिनिटं, शिवाय मोत्सार्टचा एक कन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबरची मोठी रचना. अंतिम फेरीत आणखी दोन कन्चेर्तो. उपांत्य फेरीत लिमनं लिस्टचे बाराच्या बारा ट्रान्सेन्डेन्टल एट्यूड, म्हणजे तंत्राचा कस लावणाऱ्या रचना, सलग वाजवले आणि शेवटी रख्मानिनॉफचा तिसरा कन्चेर्तो, जो एकटाच चाळीस मिनिटांच्या पुढं जातो. हे सगळं पंधरा-सतरा दिवसांत, आणि समोर कागद न ठेवता.

वर्षाला तीन रचना या वेगानं अठराव्या वर्षापर्यंत तुमच्या मुलीच्या हातात अठरा रचना असतील, त्यातल्या पंधरा विसरलेल्या. आपल्या गाण्यात बघा. दहा वर्षं शिकलेल्या मुलाला तीनच राग येत असतील तर त्याच्या गुरूला आपण काय म्हणू? पियानोत आपण हा प्रश्न विचारत नाही, कारण भिंतीवर सर्टिफिकेट लागलेलं असतं. स्पर्धेत उतरणारी मुलं बारा-तेराव्या वर्षी वर्षाला वीस-पंचवीस लहानमोठ्या रचना वाचतात, त्यातल्या सात-आठ मंचावर नेतात आणि जुन्या चार-पाच कायम हातात ठेवतात. तुमच्या मुलीच्या दिनक्रमात पहिला बदल हाच हवा. ग्रेड ६ दोन वर्षं बाजूला ठेवा. त्या वेळात बाखची दोन आवाजांची पंधरा इन्व्हेन्शन्स, हायडनचे तीन-चार सोनाटा, चेर्नीचे एट्यूड, शोपँचे सोपे वॉल्ट्झ आणि माझुर्का होऊ दे. रोज वीस मिनिटं कधीच न बघितलेलं पान वाचायचं. अडखळलं तरी थांबायचं नाही, लय सोडायची नाही.

आता वाद्याबद्दल. कीबोर्ड आणि पियानो दिसायला सारखे दिसतात, पण हाताला ती दोन वेगळी वाद्यं आहेत. कीबोर्डची पट्टी म्हणजे खाली रबराचा संपर्क असलेलं बटण. पियानोची पट्टी दाबली की आतली लोकर लावलेली हातोडी तारेकडं फेकली जाते. पट्टी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते, ती हलवायला पन्नासेक ग्रॅमचा भार लागतो, आणि तारेपासून दोनेक मिलिमीटर अलीकडं हातोडी पट्टीतून सुटते. त्यानंतर ती मोकळी असते, तुमचा तिच्यावर काही ताबा उरत नाही. म्हणजे त्या स्वराचं जे काही करायचं ते त्या एका सेंटिमीटरमध्ये करायचं. १८२१ मध्ये सेबास्तियाँ एरार यानं अशी रचना काढली की पट्टी पूर्ण वर न येताही तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. शोपँ आणि लिस्टचं जलद वादन त्या रचनेवर उभं आहे. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर यातलं काहीच हाताला कळत नाही. पाच वर्षं त्यावर काढलेल्या मुलांची बोटं चपळ असतात, पण दंडातून आणि खांद्यातून येणारं वजन त्यांना माहीत नसतं. ते नव्यानं शिकवावं लागतं, आणि साधारण वर्ष जातं.

लगेच मोठा पियानो घेऊ नका. ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो पन्नास हजारांच्या आसपास सुरू होतो. दीड-दोन वर्षं तो पुरेल. त्यानंतर मात्र खरा अपराइट, म्हणजे उभा पियानो लागेल, आणि त्याला काही लाख मोजावे लागतील. जुना घेणार असाल तर एकट्यानं जाऊन पसंत करू नका, ट्यूनरला बरोबर न्या. पिनब्लॉकला, म्हणजे तारांच्या खुंट्या ज्यात रोवलेल्या असतात त्या लाकडाला, चीर असेल तर तो पियानो सुरात राहणारच नाही, मग वरचं पॉलिश कितीही चकचकीत असो.

आपल्या हवेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पुण्या-मुंबईचे विक्रेते हे सांगत नाहीत. पियानोत सव्वादोनशेच्या वर तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांचा असतो. तो ताण लोखंडी चौकट पेलते, पण तारांचा दाब ज्या लाकडी फळीवर येतो ती फळी पावसाळ्यात ओल पिते, फुगते आणि स्वर चढतात. मार्च ते मे कोरडा ताव लागला की ती आक्रसते, स्वर उतरतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन विचारा, आषाढात तानपुऱ्याचं काय होतं ते कुणीही सांगेल. पियानोचं तेच होतं, फक्त खुंट्या सव्वादोनशे असतात आणि आपल्या हातानं पिळता येत नाहीत. वर्षातून दोनदा ट्यूनिंग धरा, दिवाळीनंतर आणि पाऊस लागल्यावर महिन्याभरानं. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खिडकीतलं ऊन त्यावर पडू देऊ नका. आणि घर नदीकडं असेल तर तळमजल्यावर अजिबात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा धोक्याच्या ४५ फुटांच्या कितीतरी वर चढली, तेव्हा माझा पहिला अपराइट तळमजल्यावर होता. चौथ्या दिवशी दार उघडलं तर पट्ट्या एकमेकींना चिकटून फुगल्या होत्या आणि हातोड्यांची लोकर चिखलानं भरली होती. त्यावर मी अकरा वर्षं मुलं शिकवली होती. तो दुरुस्त झाला नाही.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे जी पैशानं येत नाही, आणि माझ्या अनुभवात आपल्या भागातली मुलं तिथंच मागं पडतात. ती म्हणजे एकाच वेळी दोन-तीन आवाज ऐकणं. आपला कान एका सुरावटीवर वाढतो. अभंग असो, नाट्यगीत असो, ख्याल असो, एक ओळ पुढं जाते आणि खाली षड्ज धरलेला असतो. त्यामुळं आपलं मूल पियानो वाजवतानाही उजवा हात गाणं आणि डावा हात साथ, असंच ऐकतं. बाखमध्ये डावा हात साथ करत नाही. त्याची ओळ हीही एक गायिका आहे, आणि तिचं वाक्य उजव्या हाताचं वाक्य मध्यावर असताना सुरू होतं. माझ्याकडं आलेल्या प्रत्येक मुलाला मी एकच व्यायाम देते: पहिलं इन्व्हेन्शन घ्यायचं, उजवा हात वाजवायचा आणि डाव्याची ओळ तोंडानं गायची, मग उलट. पहिले दोन महिने चिडचिड होते. हुशार मुलांची जास्त होते, कारण बोटांना सगळं येत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एके दिवशी मूल मध्येच थांबतं आणि म्हणतं, "हे दोघं भांडतायत." तिथून पुढं शिकवायला आनंद असतो.

उलट, आपल्या कानाकडं एक असं बळ आहे जे इतरांना कष्टानं मिळवावं लागतं. पियानोचा स्वर आघात होताच मरायला लागतो. सतारीसारखा तो ओढता येत नाही, मींड नाही. तरीही ऐकणाऱ्याला गायलेली ओळ ऐकू आली पाहिजे. त्यासाठी आधीचा स्वर विझत विझत जिथं आला असेल त्या उंचीवर पुढचा स्वर ठेवायचा. जोरात ठेवला की ओळ तुटते. शोपँ आपल्या शिष्यांना इटालियन ऑपेराचे गायक ऐकायला सांगायचा. मी माझ्या विद्यार्थ्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवते आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या मैफलीला घेऊन जाते. चिंचेखाली बसून रात्री किराणा घराण्याचा विलंबित ख्याल ऐकलेलं मूल दुसऱ्या दिवशी शोपँचा नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाची संथ रचना, वाजवताना घाई करत नाही. हे मी कितीदा तरी बघितलं आहे.

गुरूचा प्रश्न यातूनच येतो. पाश्चात्त्य पियानोतही घराणी आहेत, फक्त ते लोक तो शब्द वापरत नाहीत. बेटहोवनचा शिष्य चेर्नी, चेर्नीचा लेशेटित्स्की, लेशेटित्स्कीचे पादेरेव्स्की आणि श्नाबेल. मॉस्कोत नॉयहाउस यांच्याकडून रिख्टर आणि गिलेल्स निघाले. आणि गावाचा आकार किती, हा मुद्दा तुम्ही समजता तितका मोठा नाही. १९८० मध्ये शोपँ स्पर्धा व्हिएतनामच्या डांग थाय सोननं जिंकली, पहिला आशियाई विजेता. त्याचं बालपण युद्धात गेलं, बॉम्बवर्षावामुळं हनोईची संगीतशाळा खेड्यात हलवावी लागली होती. पण त्याची आईच पियानोची शिक्षिका होती, ती शाळा उभारणाऱ्यांपैकी एक. म्हणजे खेडं होतं, तरी गुरू घरात होता. पुढं तो मॉस्कोला गेला. आणि २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ, २०२५ चा विजेता एरिक लू, दोघंही या डांग थाय सोनकडं शिकलेले. विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवांकडं वर्षानुवर्षं राहिले आणि मगच १९०१ मध्ये लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, हे ज्या जिल्ह्याला माहीत आहे त्याला यात काही नवल वाटू नये.

तुमच्या मुलीला असा गुरू सांगलीत मिळणार नाही. मीही तो नव्हे. मी तिला सोळाव्या वर्षापर्यंत नेऊ शकते, पुढं नाही. दर पंधरा दिवसांनी मुंबई किंवा पुणे करावं लागेल. मुंबईला रात्रीच्या महालक्ष्मीनं जाता येतं, सकाळी उतरून दोन तासांचा धडा, रात्री परत. माझे दोन विद्यार्थी असे चार वर्षं गेले, आणि त्यातल्या एकीची आई दर वेळी बरोबर असायची. त्या आईचे कष्ट खर्चाच्या हिशोबात कुणी धरत नाही, तुम्ही धरा. मधल्या आठवड्यात ऑनलाइन धडा चालतो, पण तो नोट्स, बोटं आणि लय तपासण्यापुरता. फोन मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, म्हणजे नेमका जो फरक शिकायचा तोच पुसला जातो.

तास किती? बाराव्या वर्षी दोन, सुट्टीत तीन. सोळाव्या वर्षी चार. त्याहून जास्त बसवू नका, आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनंतर उठवा. तालमीतला वस्ताद पहिल्या दिवशी पोराला हजार बैठका मारायला लावत नाही. एकोणिसाव्या वर्षी मला मनगटाच्या वर दुखायला लागलं होतं. तेव्हाच्या माझ्या शिक्षकांनी सांगितलं की वाजवत राहा, हात तयार होतोय. मी सप्तकांचे एट्यूड रोज तासभर वाजवत राहिले आणि आठ महिने पियानो बंद झाला. दुखणं ही तयारीची खूण नसते. दुखलं की त्याच मिनिटाला थांबायचं आणि काय आवळलं जातंय ते शोधायचं, बहुतेकदा अंगठा किंवा खांदा असतो. हात लहान आहेत म्हणूनही घाबरू नका. पट्ट्यांवर एक सप्तक साडेसोळा सेंटिमीटरचं असतं, आणि स्पेनची पियानोवादक अलिसिया दे लारोचा लहान हातांनी जगभर वाजवत राहिली. रचना निवडून घ्याव्या लागतात, एवढंच.

शाळा सोडू नका. दहावीपर्यंत तर नाहीच. पुढं मुक्त विद्यालयातून बारावी करता येते, पण बारावी हवी, कारण परदेशी प्रवेशाच्या कागदांत ती मागतात. सोळा-सतराव्या वर्षी निर्णय घ्यायचा. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मात्र आपल्यासारख्यांना सहामाहीला १५०० युरो आहे. राहण्याचा खर्च दाखवण्यासाठी वर्षाला साधारण १२ हजार युरो खात्यात ठेवावे लागतात. प्रवेश परीक्षेत सहसा बाखचा प्रेल्यूड आणि फ्यूग, एक पूर्ण क्लासिकल सोनाटा, एट्यूड, एक रोमँटिक आणि एक विसाव्या शतकातली रचना मागतात, शिवाय कान आणि लेखी सिद्धान्त. जर्मन भाषा बी१-बी२ पातळीची लागते, ती चौदाव्या वर्षी सुरू करा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतशाळेत १९२८ पासून कुणालाही शुल्क नाही, पण तिथं दरवर्षी पियानोच्या मोजक्याच जागा असतात. आणि युनचान लिमनं क्लायबर्न जिंकलं तेव्हा तो कोरियातच शिकत होता. चांगला गुरू आपल्या देशात मिळाला तर बाहेर जायची घाई नको.

स्पर्धांबद्दल शेवटचं, कारण मुलीला तेच दिसतंय. १९९० आणि १९९५ मध्ये वॉर्सात पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नाही. १९८० मध्ये इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीच्या आधीच बाद झाला म्हणून प्रसिद्ध पियानोवादक मार्था आर्गेरिच परीक्षक मंडळ सोडून गेली, आणि तो न जिंकताच जगप्रसिद्ध झाला. पुढं थोर वादक ठरलेला आल्फ्रेड ब्रेंडल १९४९ च्या इटलीतल्या बुझोनी स्पर्धेत चौथा आला होता. जिंकणाऱ्याला दोन-तीन वर्षांचे कार्यक्रम मिळतात. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊन अनोळखी पियानोवर सायंकाळी वाजवायचं, कारण हे वाद्य बरोबर नेता येत नाही. ती वर्षं संपेपर्यंत नवीन रचना तयार झाल्या नाहीत तर बोलावणी थांबतात. बाकीचे सगळे, आणि त्यात उत्तम वादक असतात, शिकवतात, गायकांना साथ करतात, ऑपेराच्या तालमी घेतात. मला हे काम कमी प्रतीचं वाटत नाही, मी त्यावरच जगते. पण मुलीला ते आत्ताच सांगून ठेवा, विसाव्या वर्षी कळलं तर लागेल.

आता लगेच काय करायचं ते. पियानोची चौकशी अजून नको. एका रविवारी शोपँचा एकच नॉक्टर्न, समजा ओपस ९ मधला दुसरा, तीन वेगवेगळ्या वादकांचा तिला ऐकवा, फोनच्या स्पीकरवर नव्हे, चांगल्या हेडफोनवर. तुम्ही काही बोलू नका. नंतर विचारा, तिघांत काय वेगळं होतं? पहिल्यानंतरच ती उठली, तर कीबोर्डचा क्लास चांगला आहे, तो चालू ठेवा. तिसरा संपेपर्यंत बसून राहिली आणि फरक सांगताना शब्द सापडेनात म्हणून टेबलावर बोटं ठेवून दाखवायला लागली, तर तिला घेऊन मिरजेला या. सकाळी दहाच्या आत या, त्या वेळेला माझ्याकडं पियानो मोकळा असतो.